बासन सोडताना

दुपारची जेवणं झाली, ओटा पुसून झाला, घरातले बाकीचे आडवे झाले, की जमिनीवर एक सतरंजी अंथरा. पंखा बंद ठेवा, कागद उडतात. पाण्याचा तांब्या हाताशी असू द्या, पण सतरंजीवर नको. मग कपाटातून, दिवाणातून किंवा माळ्यावरच्या ट्रंकेतून कागदांची एक पिशवी काढा. एकच. बाकीच्या जिथे आहेत तिथे राहू द्या.

पिशवी मांडीशी घेऊन थोडा वेळ नुसते बसा. ती कुठल्या दुकानाची आहे ते पाहा. बहुतेक साड्यांच्या दुकानाची असेल, कोणाच्या तरी लग्नाचा बस्ता बांधला तेव्हाची. तिचा बंद कधी तुटला, त्याला गाठ कोणी मारली, आठवतं का? आज आपल्याला काही आवरायचं नाही. फाडायचं नाही, फायलीला लावायचं नाही. पहिली बैठक फक्त पाहण्याची. आवरायच्या घाईत आपण कागद वाचत नाही, वरचा शिक्का पाहून इकडे किंवा तिकडे टाकतो, आणि दोन वर्षांनी तोच पसारा पुन्हा मांडीवर येतो.

पहिला कागद काढा. घडी असेल तर हलक्या हाताने उलगडा, कारण जुन्या कागदाला घडीवरच चीर जाते. वर तारीख शोधा. त्या तारखेला तुम्ही कुठे होतात? या घरात होतात का? कागदावर कोणाचं नाव आहे, सही कोणाची आहे, ते मनातल्या मनात वाचा. आणि मग स्वतःला एकच गोष्ट विचारा. हा कागद एक दिवस कोणीतरी शोधेल. ते माणूस कोण असेल?

उत्तराची घाई नको. पुढची सगळी बैठक या एका प्रश्नावर आहे.

तोवर एक शब्द मनात घोळवू. बासन. पोथी ज्या कापडात बांधून देवघरात ठेवत, ते बासन. माझ्या आजीकडे मांजरपाटाचं होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, चार टोकांना हळदीचे डाग. आज हा शब्द वर्तमानपत्रात भेटतो तो वेगळ्या अर्थाने. एखादा अहवाल बासनात गुंडाळला म्हणजे तो कायमचा विसरला गेला. मला त्याचं वाईट वाटतं. कारण आजीचं बासन चातुर्मासात रोज सुटायचं आणि रोज बांधलं जायचं. उद्या पुन्हा सोडता यावं म्हणूनच ती ते बांधायची, आणि गाठही तशीच मारायची, एका ओढीत सुटणारी. आपल्या पिशवीला आपण कुठली गाठ मारली आहे, ते पाहा.

पेशव्यांचं दप्तरही कापडातच बांधलेलं होतं. पुण्याच्या पुरालेखागारात आजही ते रुमालांत मोजतात. एक रुमाल म्हणजे चौकोनी फडक्यात बांधलेला कागदांचा एक गठ्ठा. असे हजारो रुमाल तिथे आहेत. गोविंद सखाराम सरदेसाईंनी त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड छापले. त्याआधी वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून घराघरांतली दप्तरं मागत होते. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला, पुढे एकूण २२ झाले. त्या खंडांत लढायांच्या बातम्या आहेत, तशी कर्जाची रडगाणी, वतनाचे तंटे आणि घरगुती खुशालीही आहे. ती पत्रं लिहिणाऱ्याला इतिहास घडवायचा नव्हता. त्याच्या घरात कोणीतरी कागद नीट बांधून कोरड्या जागी ठेवला, एवढंच झालं. दीडशे वर्षांनी तो राजवाड्यांच्या हाती लागला.

इतकं लांब जायला नको. तुमच्या पिशवीत पणजोबांचा प्राथमिक शाळेचा दाखला आहे का? किंवा घराण्यातल्या कोणाच्या जन्ममृत्यूच्या नोंदीची नक्कल? असेल तर तो कागद बाजूला घ्या आणि त्याच्याकडे जरा वेळ पाहा. महाराष्ट्रात जात पडताळणीला ठरावीक तारखेच्या आधीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींना १९५० च्या आधीचा, भटक्या विमुक्तांना १९६१ च्या, इतर मागासवर्गीयांना १९६७ च्या. नातीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश अशा एका पिवळ्या पडलेल्या कागदावर अडतो किंवा मार्गी लागतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली, कारण जुन्या नोंदी मोडीत होत्या. शाळांतून मोडी गेल्याला किती वर्षं झाली! तुमच्या पिशवीतला एखादा कागद तुम्हाला वाचता येत नसेल, तर तो रद्दी समजू नका. मोडी जाणणारं माणूस मिळेपर्यंत तो तसाच राहू दे.

आता दुसरा कागद घ्या. घरातल्या एखाद्या बाईच्या नावाचा शोधा.

इथे मी जरा जास्त थांबणार आहे.

माझ्या आईचं लग्न १९६०च्या दशकातलं. मांडवात ताटभर तांदूळ पसरले, वडिलांनी अंगठीने त्यात तिचं नवं नाव लिहिलं, जमलेल्यांनी ते वाचलं, आणि संध्याकाळी तांदूळ गोळा करून डब्यात गेले. तिच्या नव्या नावाचा दस्त तेवढाच. पुढे रेशन कार्ड, मतदार यादी, बँक, आधार, सगळं या नावाने झालं. माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं आणि मामांच्या तोंडी. मग आजोबांच्या जमिनीची वारस नोंद झाली, आणि फेरफारात तिचं माहेरचं नाव लागलं. एका कार्यालयात तिला विचारण्यात आलं, ‘‘ही बाई म्हणजे तुम्हीच कशावरून?’’ सत्तरी ओलांडलेली माझी आई बाकावर बसून होती. ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, ‘‘अगं, खरंच, कशावरून?’’

आम्ही तिघी बहिणींनी घर पालथं घातलं. काही मिळालं नाही. शेवटी मिळालं ते मामांकडे, पोथीच्या बासनात, पानांच्या मागे सरकवलेली एक लग्नपत्रिका. गुलाबी कागद, कोपऱ्याला कुंकू. त्यात तिचं माहेरचं नाव, आजोबांचं नाव, माझ्या वडिलांचं नाव, तिथी आणि तारीख. ती पत्रिका, शाळेचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र यांवर काम पुढे सरकलं. नावातल्या बदलाची नोंद नंतर राजपत्रात करून घेतली. मी मामांना विचारलं, ‘‘तुम्ही ही इतकी वर्षं कशासाठी ठेवली होती?’’ ते म्हणाले, ‘‘बहिणीची पत्रिका आहे. ठेवायची नाही तर काय करायची?’’

तुमच्या हातातल्या कागदावर त्या बाईचं नाव कसं लिहिलंय? आता दुसऱ्या कागदावर पाहा. पहिलं नाव तेच आहे का? मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं? इंग्रजीत एक अक्षर इकडचं तिकडे झालंय का? एक कोरा कागद घ्या आणि तिची सगळी नावं, जशी ज्या कागदावर आहेत तशी, एकाखाली एक लिहून काढा. लिहिताना घाई करू नका. आपल्या घरात वावरणारं एक माणूस कागदांवर किती तुकड्यांत राहिलंय, ते त्या यादीत दिसेल. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारने आईचं नाव सक्तीचं केलं आहे. आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. त्या मुलांच्या कागदांवर आई सापडेल. आपल्या आयांना मात्र आपल्यालाच शोधून काढावं लागेल. ती हयात असेल आणि तिला आठवत असेल, तोवरच हे सोपं आहे.

पहिली बैठक इथे थांबवा. पिशवी बांधा. एका ओढीत सुटेल अशी गाठ.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बसा. आज कागद वेगळे करायचे आहेत. खूप ढीग करू नका, तीन पुरेत. पहिला, जे पुन्हा मिळवायला जिवावर येईल असे कागद. जन्म, लग्न आणि मृत्यूचे दाखले, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जात प्रमाणपत्र, घराचं खरेदीखत आणि त्याची सूची क्रमांक दोन, पेन्शनचा आदेश, मृत्युपत्र. गृहनिर्माण संस्थेचं शेअर सर्टिफिकेटही यात. जुन्या सोसायट्यांत पन्नास रुपयांचे पाच शेअर, म्हणजे अडीचशे रुपयांचा हा कागद दिसायला अगदी किरकोळ असतो, आणि सभासद म्हणून फ्लॅटवरचा तुमचा हक्क त्याच्यावर उभा असतो. दुसरा ढीग चालू कागदांचा, म्हणजे विमा, ठेवपावत्या, गाडीचे कागद, घरपट्टी, आयकर, आजारपणाची फाइल. आयकराचे किती वर्षं ठेवायचे, ते आपल्या सीएला विचारून पाकिटावर लिहून ठेवा. तिसरा ढीग निरोपाचा.

तिसऱ्यातला एकेक कागद हातात घेऊन पाहा. ज्या मिक्सरची गॅरंटी आहे तो मिक्सर भंगारात जाऊन दहा वर्षं झाली. विजेची बिलं तर ढिगाने असतात. वीज कायदा २००३ च्या कलम ५६(२) प्रमाणे, सतत बिलात दाखवत आणली नसेल तर दोन वर्षांपूर्वीची थकबाकी कंपनीला वसूल करता येत नाही. म्हणजे दोन वर्षांची, फार तर तीन वर्षांची बिलं ठेवा. जुन्यातलं एक मात्र ठेवा, या घरात आल्यावरचं पहिलं. त्यावर तुम्ही इथे कधी आलात ते छापलेलं आहे.

कर्ज फिटलं असेल तर त्या कागदांपाशी जरा थांबा. पुष्कळ घरांत शेवटचा हप्ता भरल्याचे पेढे वाटले जातात आणि कागद बँकेतच राहतात. १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत द्यायचे, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. शेतजमीन असेल तर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात पाहा. सोसायटीचं कर्ज वडिलांनी फेडलं, बोजा मात्र सातबाऱ्यावर तसाच, असं किती गावांत आहे! वडिलांनी ज्याच्यासाठी पोटाला चिमटा काढला, ते काम त्यांच्या मागे पुरं करायचं राहिलं आहे. फेडल्याचा दाखला त्या ढिगात असेल. शोधा.

आता कागदाच्या अंगाकडे पाहा. टाचणीभोवती गंजाचं वर्तुळ उमटलंय का? सगळ्या टाचण्या आणि स्टेपलच्या पिना काढा. रबरबँड काही वर्षांत विरघळून कागदाला चिकटतो, तो काढून सुती नाडी बांधा. चिकटपट्टी पिवळी पडते आणि अक्षरं सोबत घेऊन निघते; फाटका कागद जोडायचा तर पातळ कागद आणि खळ बरी. मूळ दाखला लॅमिनेट करू नका, हे मी हात जोडून सांगते. एकदा केलं की त्यावर शिक्का बसत नाही, पालथ्या बाजूला नोंद करता येत नाही, आणि आतला कागद खराब होऊ लागला तर सोडवता येत नाही. झेरॉक्सची शाई मऊ प्लास्टिकच्या पाकिटाला चिकटून निघून येते, म्हणून कागदी पाकिटं घ्या. एटीएमची चिठ्ठी, दुकानातली छापील पावती, हे उष्णतेने छापलेले कागद आपसूक कोरे होतात. मोठ्या खरेदीची पावती असेल तर तिची झेरॉक्स त्याच आठवड्यात काढायला हवी.

आणि पाऊस. आपल्याकडे कागदाचा मोठा शत्रू पाऊसच. वैशाखात गोधड्या, लोणच्याच्या बरण्या, पापड जसे उन्हाला जातात, तशी ट्रंकही अंगणात किंवा गॅलरीत उघडी ठेवावी. कागद थेट उन्हात नकोत, सावलीतल्या वाऱ्यावर ठेवा. तळाला वेखंडाचे तुकडे किंवा कडुलिंबाचा वाळलेला पाला, म्हणजे कसर लागत नाही. वाळवी भिंतीतून येते, तेव्हा ट्रंक भिंतीपासून चार बोटं दूर. आणि जमिनीला टेकलेला खालचा खण कागदांना कधीच देऊ नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरलं तेव्हा लोकांनी आधी मुलं उचलली, मग म्हातारी माणसं. तेच बरोबर होतं. कागद उचलायला हात उरला नाही. ज्यांचे कागद वरच्या खणात होते, त्यांचे वाचले.

मोबाइलवर फोटो काढून ठेवणंही चांगलंच. डिजिलॉकर २०१५ पासून आहे. त्यात सरकारी खात्याकडून थेट आलेला दाखला मूळ प्रतीसारखा मानला जातो. आपण स्वतः काढून चढवलेल्या फोटोला ते मोल नाही, हा फरक लक्षात असू द्या. आणि मोबाइलचं कुलूप तुमच्याशिवाय कोणाला उघडता येतं का?

तिसरी बैठक एकट्याने करू नका. नवराबायको दोघं बसा, किंवा आईसोबत मुलगा, सासूसोबत सून. ठेवपावत्या, पासबुकं, विम्याच्या पॉलिसी समोर घ्या. प्रत्येकीवर एक ओळ शोधा: नामनिर्देशन. कोणाचं नाव आहे ते मोठ्याने वाचा.

ऐकताना काय वाटलं? कदाचित ते माणूस आता नाही. पंचवीस वर्षांपूर्वी उघडलेल्या खात्यावर आईचं नाव आहे आणि आई जाऊन बारा वर्षं झाली. कदाचित त्या जागेवर नुसती आडवी रेघ आहे. जे असेल ते वहीत लिहून घ्या आणि पुढच्या आठवड्यात बँकेत जा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवींना चार जणांपर्यंत नावं देता येतात. वाटे ठरवून सगळ्यांना एकदम, किंवा एकामागून एक. आधी एकच नाव द्यावं लागायचं, आणि दोन मुलांच्या आईला ते लिहिताना पेन उचलवत नसे.

पण नाव दिलं म्हणजे पैसा त्याचा झाला, असं धरून चालू नका. नॉमिनी हा बहुतेक ठिकाणी पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त असतो. मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत १९८४ साली सरबती देवी खटल्यात हेच सांगितलं होतं. पुढे २०१५ मध्ये विमा कायदा बदलला आणि आईवडील, नवरा किंवा बायको, मुलं यांपैकी कोणी नॉमिनी असेल तर ती रक्कम त्याची, असं ठरलं. बँकेच्या ठेवीला ती सवलत नाही. भावाभावांत बोलणं तुटतं ते पुष्कळदा याच गैरसमजातून. म्हणून मृत्युपत्र करा. साध्या कागदावर होतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, फक्त दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. आपल्याकडे हा शब्दच अशुभ वाटतो. मग इच्छापत्र म्हणा. आपल्या पश्चात आपली इच्छा काय, हे लिहिताना माझ्या वडिलांचा चेहरा इतका शांत होता, की आम्हीच उगीच वर्षानुवर्षं तो विषय टाळत होतो असं वाटलं.

जे खातं दहा वर्षं कोणी हलवलं नाही, त्याचे पैसे रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जातात. बुडत नाहीत, वारस मागायला गेला तर मिळतात. ऑगस्ट २०२३ पासून त्यासाठी उद्गम नावाचं पोर्टल आहे, नाव घालून शोधता येतं. तिथे एक संध्याकाळ आपल्या आजोबांचं नाव घालून पाहा. पण हेही मनात आणा, की ते पैसे तिथे जातात कारण घरात कोणाला ते खातं आहे हेच माहीत नसतं. कोणीतरी काटकसर करून ठेवलं, आणि सांगायचं राहून गेलं.

सांगायचं राहू नये म्हणून एक वही करा. शाळेची दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची. तिला आमच्या घरी नुसतं ‘वही’ म्हणतात. पहिल्या पानावर घरातल्या माणसांची पूर्ण नावं, जन्मतारखा, रक्तगट, कोणाला कुठलं औषध चालत नाही. मग प्रत्येक कागदाला एक ओळ: काय, कुठे, कोणाला विचारायचं. ‘‘खरेदीखत. गोदरेज कपाट, मधला खण, निळं पाकीट. शंका आल्यास वकीलकाकांना विचारणे.’’ एवढंच. पिन किंवा पासवर्ड वहीत नकोत. अक्षर मोठं, पेन बॉलचं. पाणी लागलं तर शाईचं पसरतं. समर्थ रामदासांना दासबोधात अक्षर, शाई आणि कागद कसे असावेत यावर एक पूर्ण समास लिहावासा वाटला. आपल्या वहीला तेवढं मन द्यायला काय हरकत आहे? दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी वहीपूजन करतात. त्या दिवशी आपलीही वही काढा, वर्षभरात बदललेलं दुरुस्त करा, हळदकुंकू लावा, ठेवा.

आता उठा. गुडघे धरले असतील, हळू उठा. दारापाशी जाऊन उभे राहा आणि डोळे मिटा.

रात्रीचे दोन वाजले आहेत. वीज गेली आहे. घरातल्या एका माणसाच्या छातीत दुखतंय, आणि तुम्हाला उठायचं आहे. मनातल्या मनात चालू लागा. पहिलं पाऊल कशावर पडलं? चष्मा कुठे आहे? विजेरी कुठल्या खणात, आणि तिच्यात सेल आहेत का? १०८ ला फोन लागला. आता औषधांच्या चिठ्ठ्या, विम्याचं कार्ड, घराची किल्ली. पॅसेजमध्ये सायकल आहे का, पाणी भरलेली बादली आहे का? स्ट्रेचर त्या दारातून निघेल का?

डोळे उघडू नका अजून. पुन्हा एकदा चाला, पण या वेळी दुखणारे तुम्ही आहात आणि शोधणारं दुसरं कोणी आहे. तुमची सोळा वर्षांची मुलगी. तिला काय काय सापडतंय, ते पाहत राहा.

उघडा डोळे. घर कसं लावायचं ते आता कोणी शिकवायला नको. जुन्या माजघरात उतरंड असे, मोठं मडकं तळाला, त्यावर त्याहून लहान, सगळ्यांत लहान वर. फडताळात रोजच्या मिठामिरचीची जागा हाताच्या उंचीला, वर्षाची बेगमी बळदात. अंधारातही बाईचा हात चुकत नसे. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येही तसंच करता येतं. रोज लागतं ते डोळ्यांसमोर, महिन्याचं हाताशी, वर्षाचं माळ्यावर. दाराजवळ एक खिळा फक्त किल्ल्यांसाठी. बाहेरून आलेला कागद, मग ते बिल असो की पत्रिका, ठेवायला एकच ताट किंवा टोपली, आणि ती रविवारी सकाळी रिकामी. कॅलेंडरच्या चौकटीत दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख आपण लिहितोच. तिथेच विम्याच्या हप्त्याचीही लिहा. माळा एका दिवसात रिकामा करायला जाऊ नका. एका रविवारी एक खोकं. वरची वस्तू खाली आली की विचारा, ही कोणी वापरेल का? ज्याला उपयोगी असेल त्याला ती चालू अवस्थेत असतानाच द्या.

एक गठ्ठा राहिला. पत्रांचा. त्याला कुठल्याच ढिगात जागा नाही. आंतर्देशीय पत्रं, निळी, कडा चिकटवलेल्या, शेवटच्या दोन ओळी समासात उभ्या लिहिलेल्या. मृत्यूची बातमी आणणारं कार्ड आपल्या घरांत वाचून लगेच फाडून टाकत, त्यामुळे या गठ्ठ्यात सगळे खुशालच आहेत. एक काढा आणि वाचा. आवाजासकट वाचा. फेकायचं की ठेवायचं, हे आज ठरवायचं नाही. पण पत्राच्या मागे पेन्सिलीने एवढं लिहा, की हे कोणी कोणाला लिहिलं. तुम्हाला अक्षर ओळखता येतं. तुमच्या नातवाला ओळखता येणार नाही.

ऊन कलायला आलं असेल. चहाची वेळ झाली. पहिला ढीग कागदी पाकिटांत घाला, पाकिटांवर नावं लिहा, धुतलेलं सुती फडकं पसरा आणि बांधा. वही वरच ठेवा. सतरंजी झटकून घ्या.

आणि आज रात्री जेवताना घरातल्या एकाला तरी सांगा, हे बासन कुठल्या खणात आहे आणि त्या खणाची किल्ली कुठे असते.